सरकारी पैसा आधी दवाखान्याला की नाटक-संगीताला?

रात्रपाळी:
मी वॉर्डात नर्स आहे त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल, वाटू दे. रात्री तीस पेशंट आणि आम्ही दोघी, एकीला सलाईन लावायला गेलं की दुसरीकडे बेल वाजत असते, आणि अशात कळतं की नवीन कलामंदिराला निधी मंजूर. डोकं फिरतं. जर्मनीत हॅम्बुर्गचं एल्बफिलहार्मनी हे संगीत सभागृह बघा, सुरुवातीला सांगितलं सरकारी तिजोरीतून ७ कोटी ७० लाख युरो जातील, २०१७ ला दारं उघडली तेव्हा आकडा गेला होता ७८ कोटी ९० लाखांवर. दहापट! दवाखान्याच्या बजेटमध्ये असं कुणी चालवून घेईल का? आधी दवाखाने, शाळा, पाणी, मग उरलं तर कला. एवढंच म्हणणं आहे.

तिसरी घंटा:
ताई तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण असहमत. तो घोळ बांधकामाचा आहे, कलेचा नाही, पूल बांधताना पण असंच होतं म्हणून आपण पूल नकोत म्हणत नाही. रोजच्या अनुदानाचे आकडे बघा ना. अमेरिकेत कलांसाठी जी केंद्रीय संस्था आहे तिचं २०२३ चं बजेट २० कोटी ७० लाख डॉलर, आणि तिथल्या केंद्र सरकारचा वर्षाचा खर्च ६ लाख कोटी डॉलरच्या वर. म्हणजे लाखातले जेमतेम साडेतीन. ते साडेतीन काढून घेतले तर नाट्यसंस्था मरतील आणि तुमच्या वॉर्डात तिसरी नर्स तरीही येणार नाही.

रात्रपाळी:
रक्कम लहान आहे म्हणून प्रश्नच विचारायचा नाही का? मुद्दा असा की टॅक्स सगळे भरतात, आमच्या वॉर्डातली सफाईवाली सुद्धा काही विकत घेतलं की भरते, आणि ऑपेराच्या खुर्चीत बसतं कोण? बहुतेक वेळा ज्याला तिकीट तसंही परवडलं असतं तोच. सिडनीचं ऑपेरा हाऊस ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये होणार होतं, झालं १० कोटी २० लाखांना, आणि त्यातला बराचसा पैसा लॉटरीतून उभा केला. लॉटरीची तिकिटं कोण काढतं हे मी सांगायला नको.

कोरा कागद:
ही तक्रार मला पटते, पण मग तिकीट काढून टाका, कला कशाला काढता? ब्रिटनने २००१ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयांचं प्रवेशशुल्क बंद केलं आणि लोक खूप जास्त यायला लागले. आणि ते "उरलं तर" म्हणालात ना, तसं कधीच उरत नाही हो. १९४६ साली ब्रिटनमध्ये पावाचं रेशनिंग सुरू झालं, जे युद्धातही नव्हतं, आणि त्याच उन्हाळ्यात कलांना सरकारी पैसा देणाऱ्या आर्ट्स कौन्सिलला सनद मिळाली, दोन वर्षांनी १९४८ ला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा. खिसा फाटका असताना दोन्ही केलं त्यांनी.

हिशेबनीस:
मला वाटतं तुम्ही एकमेकांशी उगाच भांडताय. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये दाखवलं की चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वीही चार माणसं लागायची आणि आजही चारच, वेळ पण तेवढाच. कारखान्यात मशीन आली, एक माणूस दहाचं काम करायला लागला, पगार वाढले, मग वादकाचा पगारही वाढवावा लागतो नाहीतर तो वाजवणं सोडून देईल, पण त्याचं काम काही दहापट होत नाही. बॉमोलने पुढे हेच शाळा आणि दवाखान्यांना लावलं. जखमेचं ड्रेसिंग घाईत उरकलं तर ते ड्रेसिंगच नाही. म्हणजे नर्स आणि व्हायोलिनवाला दोघांचं दुखणं एकच, आणि खर्च दरवर्षी वाढतोय म्हणून कात्री घेऊन येणारा माणूस दोघांकडेही येतो. आज त्याला नाटकाकडे बोट दाखवून परत पाठवाल, उद्या तो वॉर्डात येईल.

रात्रपाळी:
हे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं, खरंच. घाईचं ड्रेसिंग रोज बघते मी. तरी एक फरक राहतोच, मैफल पुढच्या आठवड्यात ढकलता येते, माझा पेशंट नाही.
पण एक सांगते. स्ट्रोकनंतर वाचा गेलेले एक आजोबा होते, पाणी हवंय एवढंही बोलता येत नव्हतं, आणि थेरपिस्टने जुनं गाणं धरलं तर शब्दांसकट गायले. बायको बाजूला रडत होती. त्या थेरपिस्टसाठी मी कुठल्याही बजेटमधून पैसे मागेन, कलेच्या म्हणा नाहीतर आरोग्याच्या. पण ती आठवड्यातून एकदाच यायची, पद मंजूर नाही म्हणून. तर माझं मत आता असं, आधी माणसांची पदं भरा, नर्सची पण आणि गाणारीची पण, आणि काचेच्या इमारती थांबवा.

तिसरी घंटा:
पदांचं शंभर टक्के मान्य. इमारतीचं नाही, आम्ही तालमी करायच्या कुठे मग?

रात्रपाळी:
शाळा संध्याकाळी रिकाम्याच असतात की, त्या उघडून द्या म्हणा. त्या अर्जावर मी पण सही करते.