गोठवलेल्या भ्रूणासाठी लेझर हॅचिंग करून घ्यावे का?

प्रश्न : पाचव्या दिवशी गोठवलेल्या आमच्या दोन भ्रूणांपैकी एकाचे प्रत्यारोपण पुढील महिन्यात ठरले आहे. खर्चाच्या अंदाजपत्रकात ‘लेझर हॅचिंग’ अशी वेगळी नोंद दिसली. विचारले असता “सगळेच करतात” एवढेच उत्तर मिळाले. याने नेमके काय साधते?

उत्तर १ : मी भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते. भ्रूणाभोवतीचे पारदर्शक कवच फोडून बाहेर आल्याशिवाय ते गर्भाशयाच्या अस्तरात रुजत नाही, आणि गोठवण्याने हे कवच कडक होत असावे, या तर्कावर अवरक्त लेझरच्या काही मिलिसेकंदांच्या झोताने त्याचा छोटासा भाग विरघळवतात. वितळवल्यानंतर भ्रूण आक्रसलेले असते, कवच आणि पेशी यांच्यात मोकळी जागा असते. ते पुन्हा फुगण्याआधी हे उरकावे लागते.

उत्तर २ : तंत्र सफाईदार आहे, यात वाद नाही. मात्र उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ च्या सूचनांत असिस्टेड हॅचिंगची (भ्रूणाचे कवच असे मुद्दाम उघडण्याची; लेझर हॅचिंग हा त्याचाच प्रकार) शिफारस केलेली नाही, कारण त्याने गर्भधारणेचे प्रमाण वाढल्याचे सिद्ध झालेले नव्हते. शिवाय एकाच भ्रूणाचे जुळे होण्याची शक्यता वाढते का, ही शंका आहेच. “सगळेच करतात” हे वैद्यकीय कारण नव्हे.

उत्तर १ : ताई, सहमत आहे. गोठवण्यापूर्वी लेझरने भ्रूणातील द्रव बाहेर काढतात, ती प्रक्रिया वेगळी. तिचा हेतू आत बर्फाचे स्फटिक होऊ न देणे हा असतो. प्रश्नकर्त्यांनी आपल्या अंदाजपत्रकातील नोंद यांपैकी कोणती, हे आधी लेखी विचारून घ्यावे.