शब्दचर्चा : 'पॅलिएटिव्ह केअर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (एमबीबीएसची विद्यार्थिनी, नागपूर)
कॅन्सर वॉर्डातल्या नातेवाइकांसाठी आम्ही पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात दुखणं, दम असे त्रास कमी करणाऱ्या सेवेचं माहितीपत्रक लिहितो आहोत. 'उपशामक काळजी' आणि 'परिहारक सेवा' असे दोन शब्द सापडले. कोणता घ्यावा?

उत्तर १
दोन्हींत 'उपशामक' बरा. परिहार म्हणजे निवारण, त्यातून आजारच जाईल असं वाटतं. आयुर्वेदात 'याप्य' असा नेमका शब्द आहे: जो बरा होत नाही, पण उपचार चालू असेतो आवाक्यात राहतो असा रोग. पण ते रोगाचं नाव झालं, सेवेचं नाही.

उत्तर २ (निवृत्त वैद्यकीय शिक्षक)
लोकांच्या तोंडी आधीच एक शब्द आहे, 'सेवा'. तोच घ्या, पण जपून. आपल्याकडे डॉक्टर म्हणतात, "आता घरी न्या, सेवा करा." भंडारा-गडचिरोलीहून, बालाघाटहून आलेलं माणूस यातून एवढंच समजतं की डॉक्टरांनी हात टेकले. हे वाक्य विद्यार्थी पुस्तकातून शिकत नाहीत, राउंडला सिनियरच्या तोंडून ऐकून उचलतात. म्हणून ते तिथेच सुधारायला हवं. 2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवाद यांचं शिक्षण आलं, फार चांगलं झालं; पण "सेवा करा" म्हटल्यावर पुढे काय सांगायचं, हे खाटेजवळ उभं राहूनच शिकवावं लागतं. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची साधी गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न पाहता. तिच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, आणि रात्री त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा. 2014 ला अमली पदार्थांच्या कायद्यात बदल होऊन मॉर्फिनच्या परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, तरी तरुण डॉक्टर ते लिहायला अजून बिचकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती भीती शिकवण्यानं जाते.

उत्तर ३ (परिचारिका, कॅन्सर वॉर्ड)
पत्रकाच्या नावापेक्षा पेशंटचे शब्द आधी शिका. "ठणकून राह्यलं" वेगळं आणि "आग होऊन राह्यली, मुंग्या येतात, करंट मारल्यासारखी चमक निघते" वेगळं. दुसरं बहुधा नसेचं दुखणं असतं, त्याला वेगळी औषधं जोडावी लागतात. केसपेपरवर दोन्ही जागी नुसतं 'पेन' लिहिलं की तो फरक गेला. "जीव घाबरते" म्हटलं तर तिथंच थांबून विचारा: दम लागतो, छाती धडधडते, की भीती वाटते? बाया तर दुखणं सांगतच नाहीत, "काही नाही, बरं आहे" म्हणतात. त्यांना रात्री झोप लागली का, असं विचारायचं.

विद्यार्थिनी
मग असं लिहिलं तर? 'सहायक सेवा : आजार पूर्ण बरा होण्यासारखा नसला, तरी दुखणं, दम, मळमळ यांवर उपचार चालूच राहतात.'

उत्तर २
'सहायक' काढा, कुणाला सहाय्य ते कळत नाही. 'वेदनामुक्ती आणि सेवा' लिहा, कंसात 'पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे ओपीडीची पाटी शोधता येईल. आणि 'बरा होण्यासारखा नसला तरी' हेही काढा. आजार बरा होण्याचे उपचार चालू असतानाही ही सेवा सुरू करता येते. 'आजार कोणत्याही टप्प्यावर असो' एवढं पुरे.