घरचा ग्रुप : उसात कोण आलं होतं?

अक्का (बेळगाव): तात्या, रात्री मळ्यात कुत्री लई भुंकत होती म्हणे. काय झालं ओ?

तात्या: गवे. चार-पाच असतील, संगं एक वासरू. थ्री फेज रात्रीच येतंय, म्हणून मी मोटरीजवळच होतो. बॅटरी मारली तर नुसते पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पांढरे.

पप्या (पुणे): भारी! फोटो टाका की.

तात्या: ये तूच काढायला.

मामा (नंदगड): गवेच कशावरनं? आमच्याकडं परवा डुकरांनी ऊस लोळवला.

तात्या: डुकराचं काम लगेच कळतं मामा. बुडखा चावतंय, रस ओढतंय आणि चोथा तिथंच टाकतंय. इथं चोथा नाही. वरचा हिरवा पाला ओरबाडलाय, आणि ओल्या सरीत म्हशीपेक्षा मोठा खूर उठलाय. ऊस तसा थोडाच गेला. खुरं सगळी पाटाच्या तोंडाला. पाण्यालाच आले होते, ओढ्यातला डोह होळीआधीच आटलाय.

मामा (नंदगड): मलप्रभा उगवते कणकुंबीला, आपल्या उशाला. आणि उन्हाळ्यात तिचं पाणी बघायचं तर सौंदत्तीच्या धरणावर जायचं.

पप्या (पुणे): पण भीमगड २०११ ला अभयारण्य झालंय ना? मग बाहेर का येतात?

तात्या: अभयारण्याला काय कंपाऊंड असतंय? सगळं मिळून १९० चौरस किलोमीटर, त्यातच गावं आणि शेतं पण.

बंड्या: एक रात्र तारेत करंट सोडा. परत फिरकायचे नाहीत.

अक्का (बेळगाव): बंड्या!!

तात्या: हे परत लिहू नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे, थेट जेल. आणि रात्री त्या तारेजवळनं ओल्या रानात अनवाणी कोण फिरतंय? मीच. सोलरचं झटका मशीन वेगळं, ते थांबून थांबून झटका देतंय, जनावर मरत नाही. मेनची लाईन सोडणं म्हणजे माणूस मारायची तयारी.

बंड्या: बरं बरं. डिलीट करतो.

वैनी: मग बांधाजवळ एक टाकी भरून ठेवूया की. बिचारी तहानेनं येतात.

मामा (नंदगड): नको ओ वैनी. उसाजवळ पाणी म्हणजे पाहुणचार. रोज येतील.

तात्या: मामांचं बरोबर आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला, ते जिथनं उतरतात, तिथं जुनं तळं कोरडं पडलंय. त्यात टँकर ओता म्हणून फॉरेस्टला अर्ज देतो. तिथंच पाणी मिळालं तर खाली कशाला उतरतील?

अक्का (बेळगाव): आपल्याला तरी पुरतंय काय पाणी?

तात्या: भुईमूग आऱ्या सोडतोय, म्हणजे शेंगा धरायचे कोंब मातीत घालतोय, त्याची पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. ऊस धीर धरतो. एक आड एक सरी भिजवतोय. यंदा पाचट जाळलं नाही, सरीतच पसरलंय. भर दुपारी त्याच्याखाली हात घाला, गार ओल लागते. शेजारी पेटवून मोकळा झाला, त्याच्या रानाला आता भेगा.

वैनी: उंबरावर धनेश रोज येतोय बघा. एकटाच. चोचीत उंबरं भरून घेतो आणि जातो.

अक्का (बेळगाव): मादी ढोलीत असेल. दार लिंपून आत बसते, एवढीशी फट ठेवते. तोवर नरच चारतो.

वैनी: ऐकताय काय तात्या? 😄

तात्या: मी मोटरीला जातो, तेवढं पुरे.

मामा (नंदगड): भरपाईचं काय?

तात्या: फॉरेस्टवाले उद्या पंचनाम्याला येतो म्हणालेत. बंड्या, ती सरी तोवर भिजवू नकोस, खुरं पुसतील. आणि उजेडात फोटो काढून ठेव, खुराशेजारी विळा ठेवून. माप कळायला पाहिजे.

बंड्या: काढतो आत्ताच.

अक्का (बेळगाव): पप्या, मे मध्ये शेंगा काढायला येणार असशील तर आधी कळव. एक गडी कमी सांगते.

पप्या (पुणे): गवे दिसणार असतील तर येतो 😀

तात्या: शेंगा दिसतील.