मेटालिका बदलली तेव्हा तुम्ही कुठे होतात? (अनुभव धागा)

परवा माळा आवरताना टीडीकेची एक डी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट सापडली. वर निळ्या बॉलपेनने माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'लोड, जून ९६'. मित्राच्या मामाने दुबईहून सीडी आणली होती आणि दादरला त्याच्या घरी बसून आम्ही सहा जणांनी एकामागून एक ती उतरवून घेतली होती. मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ७९ मिनिटांचा अल्बम. सीडीत तो इतका काठोकाठ भरला होता की शेवटचं गाणं मावावं म्हणून बँडला ते जवळजवळ मिनिटभर छाटावं लागलं. माझ्या कॅसेटवर मात्र बी बाजूला दहा मिनिटं उरली. तिथे मी त्यांचंच १९८६ चं 'बॅटरी' हे गाणं भरलं होतं, कारण मेटालिकाची कॅसेट अशी संपलेली मला सहन होत नव्हती. सतरा वर्षांचा होतो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'वर नऊ-नऊ मिनिटांची, वळणावळणांची गाणी होती. १९९१ मध्ये निर्माता बॉब रॉकबरोबर केलेला काळा अल्बम आला. गाणी आटोपशीर झाली, लय उतरली आणि अमेरिकेत तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. मग १९९६ ला 'लोड'. थ्रॅश, म्हणजे मेटलचा तो अतिवेगवान प्रकार, जवळपास संपलेलं, ब्लूजकडे झुकणारा हार्ड रॉक, आणि चौघांचेही केस कापलेले.

बरोबर की चूक यावर आपण तीस वर्षं भांडलोय. इथे निकाल नकोत. कुठली खोली होती, कॅसेट कोणाची होती, शेजारी कोण बसलं होतं आणि तुमच्या आत काय झालं, तेवढं लिहा. माझं मत सांगून टाकतो: मला 'लोड' आता आवडतो, आणि तेव्हा त्याच्याशी मी अन्यायाने वागलो असं वाटतं.

काळी_दोन

गिरगावातली चाळ, दीड खोली. खोताच्या वाडीतल्या एका अंकलकडून घेतलेली जुनी गिवसन गिटार आणि अण्णांचा टेपरेकॉर्डर. काळ्या अल्बममधली बरीच गाणी मी टेपबरोबर वाजवायचो, सूर बरोबर लागायचा. 'लोड' आणला आणि काही केल्या जमेना. प्रत्येक जागी बोट बरोबर, तरी सगळं बेसूर. मला वाटलं टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल झालाय, म्हणून आवाज उतरतोय. लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा बेल्ट बसवून आणला. फरक शून्य.

अण्णा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. माझी ही गाणी त्यांना कधीच आवडली नाहीत, पण दोन दिवस माझी तडफड ऐकून तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटी काढली. टेप लावायला सांगितली, डोळे मिटले, दोन सूर चाचपले आणि म्हणाले, "बेल्टला काय झालंय? ही माणसं काळी दोनमध्ये आहेत. तू पांढरी तीनवर बसलायस." मी सहाही तारा अर्धा सूर उतरवल्या. पहिला फटका मारला आणि अंगावर काटा आला. मी टेपच्या आत होतो.

मग अण्णांनी विचारलं, "आधी पांढरी तीनमध्ये गायचा का हा?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग गळा दुखावला असेल. बुवासुद्धा वय झालं की पट्टी उतरवतात." काळ्या अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या वेळी बँडचा गायक जेम्स हेटफिल्डचा आवाज खरोखरच बसला होता आणि त्याला गळ्याची तालीम घ्यावी लागली होती, हे मी कित्येक वर्षांनी वाचलं. अण्णांनी ते पेटीवर ओळखलं होतं.

अजून एक. आधीच्या अल्बमांत ऱ्हिदम गिटारचे, म्हणजे गाण्याला आधार देणाऱ्या गिटारचे, सगळे थर हेटफिल्ड एकटाच भरायचा, म्हणून ती भिंत इतकी घट्ट. 'लोड'वर पहिल्यांदा दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट यानेही ऱ्हिदम वाजवली. दोन टाळकरी कितीही मुरलेले असले तरी त्यांचे टाळ तंतोतंत एका क्षणी पडत नाहीत, आणि त्या फटीतच भजनाचा झोल असतो. मी त्याच फटीला ढिलाई म्हणत होतो. कॉलेजात सगळे 'विकले गेले' म्हणायचे. मी गप्प बसायचो. अण्णांची बाजू कशी मांडायची ते मला सुचत नसे.

लालबागकर

मी ताशा वाजवणारा. 'जस्टिस' ऐकला तेव्हा ड्रमर लार्स उलरिकचे दोन पाय ऐकून वेडा झालो होतो. तो मला ताशाच वाटायचा, एकही जागा रिकामी न सोडणारा. काळा अल्बम आला तेव्हा 'सॅड बट ट्रू' ऐकून चिडलो. म्हटलं, एवढा हात असलेला माणूस असं संथ का वाजवतोय?

उत्तर विसर्जनात मिळालं. त्या वर्षी हाताला लागलं होतं म्हणून पथकात मला ढोल दिला. ताशाची तर्री जवळ उभा असलेल्यालाच कळते. ढोलाचा एक टोल मात्र पूल ओलांडून पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीला छातीत ऐकू येतो, आणि दोन टोलांमध्ये जागा सोडली तरच येतो. जागा सोडायला फार हिंमत लागते, हात शिवशिवतो. बॉब रॉकने या चौघांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं होतं. आधी प्रत्येकजण आपापलं वेगळं रेकॉर्ड करायचा. ते वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. समोरच्याकडे बघून वाजवलं की लय आपोआप उतरते.

साडेसातची_कर्जत

जुना बँड मी नाही विसरलो आणि विसरणारही नाही. लालबागकर, तुमचा ढोल मान्य. पण 'जस्टिस'मधलं एकेक गाणं घ्या: एक रिफ (गिटारचा फिरून फिरून येणारा तुकडा) येतो, मोडतो, त्यातून दुसरा निघतो, ऐकणाऱ्याला कामाला लावतो. 'एंटर सँडमन'चा मूळ रिफ हॅमेटचा. त्यातला पहिला तुकडा तीनदा फिरव, असं लार्सने सुचवलं आणि तिथे ते सगळ्यांचं गाणं झालं. चांगलं गाणं आहे. पण मला आवडायचं ते न फिरणारं.

रंगभवनच्या खुल्या नाट्यगृहात एका ऑगस्टमध्ये, पाऊस थांबून थांबून पडत होता, एका कॉलेजच्या बँडने 'लोड'मधलं गाणं सुरू केलं. माझ्या पुढच्या पायरीवरची चार पोरं उठून नाचायला लागली. मला जुनं हवं होतं म्हणून मी ओरडत राहिलो, घसा फुटेपर्यंत. मग एकटाच धोबीतलावहून व्हीटीपर्यंत चालत गेलो. त्या रात्री खरंच कोणीतरी गेल्यासारखं वाटलं होतं. बँडचा बेस गिटारवादक क्लिफ बर्टन १९८६ ला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला तेव्हा मी बँड ऐकतही नव्हतो, पण माझं सुतक त्या रात्री सुरू झालं.

जेजेची_मागची_बाक

धागाकर्त्याने केसांचा उल्लेख केला, पण आम्हा चित्रकला शिकणाऱ्यांना आधी अक्षरांनी मारलं. मी मुलांच्या कॅनव्हासच्या पिशव्यांवर फॅब्रिक कलरने मेटालिकाचा लोगो रंगवून द्यायचे. पहिल्या 'एम'ची आणि शेवटच्या 'ए'ची ती लांब, धारदार टोकं काढायला सगळ्यात जास्त वेळ जायचा. 'लोड'वर ती टोकंच छाटलेली. एकजण नवीन लोगो मागायला आला, माझं काम दहा मिनिटांत झालं आणि मला पैसे घ्यावेसे वाटेनात.

कव्हरवरचं लालसर चित्र म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार आंद्रेस सेरानोचं छायाचित्र, दोन पारदर्शक पत्र्यांमध्ये दाबलेलं गुरांचं रक्त आणि त्याचं स्वतःचं वीर्य. हे वर्गात कळलं तेव्हा दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आणि मग टीव्हीवर 'अंटिल इट स्लीप्स'चा व्हिडिओ लागला. मी घरी ओरडलेच, कारण त्यात हिरॉनिमस बॉशची चित्रं जिवंत होऊन चालत होती. कलेतिहासाच्या तासाला छोट्या, धुरकट छपाईत पाहिलेला बॉश! पाचशे वर्षांपूर्वीचा चित्रकार आमच्या जेवणाच्या वेळी टीव्हीवर. लोकप्रिय व्हायला निघालेला बँड असला उद्योग कशाला करेल?

मुलुंडकर

माझी सुरुवातच 'नथिंग एल्स मॅटर्स'पासून झाली. तिथून मागे मागे जात १९८३ पर्यंत पोचलो. तो दरवाजा नसता तर साडेसातची कर्जत ज्याच्यासाठी रडले ते मला माहीतच नसतं.

परळ_नाका

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

२००४ मध्ये आई टाटाला होती. साताऱ्याहून आणली होती. रात्री मी बाहेर फूटपाथवर, डोक्याखाली फायलींची पिशवी आणि कानात वॉकमन. भावाची कॅसेट होती, 'लोड'. मला मेटालिकातलं काही कळत नव्हतं, ते हार्ड झाले की सॉफ्ट हेही नाही. जेजेवाल्या ताईंनी म्हटलंय तेच गाणं मी रिवाइंड करून ऐकायचे. शब्द सगळे कळायचे नाहीत. एवढंच कळायचं की आत काहीतरी शिरलंय आणि ते झोपेपर्यंत या माणसाला धीर धरायचाय.

पुढे भावाने सांगितलं. हेटफिल्ड सोळा वर्षांचा असताना त्याची आई कर्करोगाने गेली. घरच्या धर्मश्रद्धेमुळे त्यांनी उपचार घेतले नव्हते. 'लोड' आला त्याच वर्षी वडीलही त्याच आजाराने गेले. तीच गोष्ट तो गात होता. वेगात वाजवून ती सांगता आली असती का, ते तुम्ही जाणकारांनी सांगावं. मला त्या वेळी हळू बोलणारा माणूस हवा होता. आई पुढे अडीच वर्षं राहिली.

साडेसातची_कर्जत

परळ नाका, हे माहीत नव्हतं. मी त्या गाण्याच्या वेळी नेहमी फॉरवर्ड दाबायचो. आज लोकलमध्ये पूर्ण ऐकलं. बाकी मत तेच आहे.

धागाकर्ता

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही त्या सहापैकी तिघे उद्यान एक्सप्रेसने बंगलोरला गेलो होतो. २८ तारखेचा गुडगावचा कार्यक्रम रद्द झाल्याची बातमी आल्यापासून पोटात गोळा होता. ३० ला पॅलेस ग्राउंड्सवर ते खरोखर स्टेजवर आले. 'नथिंग एल्स मॅटर्स'ला ज्या मित्राने १९९१ मध्ये पोस्टर फाडलं होतं, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत गायला. परतीच्या गाडीत त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

काल ती कॅसेट लावली. पहिल्याच गाण्याला आवाज काळी दोनच्याही खाली घसरला. या वेळी बेल्टच गेलाय. काळी_दोन, लॅमिंग्टन रोडवर अजून कोणी बसवून देतं का? बी बाजू ऐकायची राहिलीय.

काळी_दोन

नक्की नाही, पण शनिवारी तिकडे जाणारच आहे. मॉडेल नंबर कळवा.