मदत हवी आहे: तिघा भावंडांत मिळून गाळा घेतोय, मालकी कशी लिहून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

पुणे पालिकेच्या हद्दीत रस्त्यालगतचा एक गाळा आम्ही तिघं भावंडं मिळून घेतोय. किंमत १ कोटी २० लाख ठरली, इसार दिला, या महिन्यात खरेदीखत करायचंय. दादा न्यू जर्सीला असतो, तो ६० लाख घालतोय. माझे ४०, धाकट्याचे २०. कर्ज नाही. गाळ्यात पॅथॉलॉजी लॅब भाड्याने आहे आणि ती पुढेही राहणार आहे.

पैशांवरून आमच्यात काही नाही. अडलंय ते कागदावर. एजंट म्हणतो, "ताई, तुमच्या एकटीच्या नावावर घ्या, सह्यांची कटकट वाचेल." दादालाही ते चालेल, त्याचा माझ्यावर विश्वास आहे. एका स्नेह्यांनी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) काढायला सांगितलं. आणि वकिलांनी पाठवलेल्या मसुद्यात 'लिहून घेणार (म्हणजे खरेदीदार) क्र. १, २ व ३' म्हणून तिघांची नावं, पॅन, पत्ते आहेत, पुढे चतुःसीमा आहे, चेकचे तपशील आहेत. पण कुणाचा किती हिस्सा याची एक ओळ नाही. विचारलं तर म्हणाले, सख्खी भावंडं आहात, कशाला टाकायचं?

आमच्या गावच्या वाड्याला आज इतके वारस झालेत की कौलं बदलायची तरी संमती कुणाकुणाची घ्यायची हेच ठरत नाही. त्यातलं कुणीही वाईट नाही. वेळेवर कुणी लिहून ठेवलं नाही, एवढंच. म्हणून आत्ता, तिघांचा सूर जुळलेला असतानाच, सगळं नीट कागदावर आणावं असं मला मनापासून वाटतं.

मुद्रांक शुल्काचा हिशेब केलाय: ७ टक्क्यांनी ८ लाख ४० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. बाईच्या नावाची १ टक्का सवलत आम्हाला नाही, ती राहत्या घराला आणि खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तरच मिळते.

तर हिस्से खतात लिहावेत का? एकाला पुढे बाहेर पडायचं असेल तर त्याची सोय आज कशी करावी? आणि एलएलपीचं काय? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

रानवारा:
ताई, एकटीच्या नावाचा विचार आधी डोक्यातून काढा. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं अशा व्यवहारांना बंदी घालणाऱ्या बेनामी कायद्यात भावाबहिणीला सूट आहे, पण पैसे घालणाऱ्याचं नाव कागदावर सहमालक म्हणून असेल तरच, आणि पैसा ज्ञात उत्पन्नातला हवा. दादांचे ६० लाख आणि खतावर फक्त तुमचं नाव, हे त्या सुटीत बसत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर मालमत्ता जप्त होऊ शकते, शिवाय १ ते ७ वर्षं कैद.

हिस्से तर लिहाच. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याच्या कलम ४५ प्रमाणे हिस्सा लिहिलेला नसेल तर ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा. पण तो पुरावा देता आला नाही तर तिघं सारखे धरले जातात. म्हणजे वीस वर्षांनी बँकेचे उतारे सापडले नाहीत, तर धाकट्या भावाचा सहावा हिस्सा तिसरा होतो आणि दादांचा निम्मा घटून तिसरा. वकिलांना सांगा, 'अनुक्रमे ५० टक्के, ३३.३३ टक्के व १६.६७ टक्के अविभक्त हिस्सा' असं वाक्य घाला आणि प्रत्येकाचा चेक त्याच्या स्वतःच्या खात्यातून त्याच प्रमाणात जाऊ दे. दादांचे पैसे एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून, नाहीतर थेट परदेशातून बँकेमार्फत.

आता बाहेर पडायचं. सहमालक आपला अविभक्त (जागा वेगळी न पाडलेला) हिस्सा परक्याला विकू शकतो, बाकीच्यांना विचारायचं बंधन कायद्यात नाही. शिवाय वाटणी होऊच शकत नाही अशी मिळकत असेल, आणि गाळ्याची भिंत घालून काय वाटणार, तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेले लोक कोर्टाकडे विक्री मागू शकतात. दादांकडे बरोबर निम्मा आहे. तुमचा दोघांचा मिळूनही निम्माच. बाकीच्यांना कोर्टाच्या मूल्यांकनाने तो हिस्सा विकत घ्यायची संधी मिळते, पण तोवर कोर्टात जावं लागलेलं असतं.

म्हणून खरेदीखतासोबत सहमालकांचा वेगळा करार करा. 'कधीच विकणार नाही' असं लिहू नका, पूर्ण बंदी टिकत नाही. 'विकायचं झालं तर आधी आपापसांत लेखी देकार, ९० दिवसांची मुदत, मग बाहेर' असं लिहा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: उद्या दादांनी हिस्सा तुम्हाला दिला तर त्यावर मुद्रांक पुन्हा भरावा लागेल. हक्कसोडपत्राच्या नाममात्र मुद्रांकाची सवलत वडिलोपार्जित मिळकतीला आहे, तुमच्या गाळ्याला नाही.

आणि तिघांनी मृत्युपत्रं करा. सहमालक गेला की त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो, उरलेल्या भावंडांकडे आपोआप येत नाही. वाड्याचं झालं ते इथूनच झालं.

जमाखर्च:
एलएलपीबद्दल. भागीदार बदलला तरी मालमत्ता एलएलपीच्याच नावावर राहते, हा खरा फायदा. पण एका गाळ्यासाठी मी सुचवणार नाही. भाड्यावर सरसकट ३० टक्के कर, वर सेस. धाकटे भाऊ खालच्या स्लॅबमध्ये असतील तर त्यांचं नुकसानच. भागीदारांचं भांडवल २५ लाखांच्या वर, म्हणजे दरवर्षी ऑडिट. मे महिन्यात एक विवरण, ऑक्टोबरमध्ये दुसरं, चुकलं की रोजचा दंड. पाच-सहा मिळकती घेऊन भाड्याचाच व्यवसाय करायचा असेल तेव्हा बघा.

सहमालकीत हिस्से ठरलेले असले की प्रत्येकाचं भाडं त्याच्या त्याच्या विवरणात जातं आणि ३० टक्के वजावट प्रत्येकाला मिळते. तेव्हा हिस्सा लिहिणं करासाठीही हवंच.

दोन गोष्टी आत्ताच सांभाळा. विकणारा भारतात राहणारा असेल तर १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) तुम्ही कापायचा. धाकट्याचे फक्त २० लाख असले तरी सुटका नाही, १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण व्यवहार ५० लाख झाला की पुरे. तिघांनी आपापल्या पॅनवर वेगवेगळा भरा. दुसरं, लॅबला आत्ताच लेखी कळवा की निम्मा मालक अनिवासी आहे. दादांच्या भाड्यावर लॅबला ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागेल. दादांनी विवरण भरलं की जास्तीचे परत मिळतात.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री दादाशी बोलले. टक्केवारीचं वाक्य घालायला तो लगेच तयार झाला, वर म्हणाला मृत्युपत्रापासून सुरुवात मीच करतो. एलएलपी रद्द. एकच अडतंय: आपापसांत हिस्सा घ्यायचा तर भाव कसा ठरवायचा? धाकटा म्हणतो रेडी रेकनर (सरकारी दरपत्रक), म्हणजे वाद नको.

रानवारा:
रेडी रेकनर मुद्रांकाची किमान पातळी आहे, बाजारभाव वर असेल तर विकणाऱ्यावर अन्याय होईल. करारात असं लिहा: दोन्ही बाजूंनी एकेक नोंदणीकृत मूल्यांकक नेमायचा, दोघांची सरासरी धरायची, आणि रक्कम रेडी रेकनरच्या खाली जाणार नाही. घेणाऱ्याला पैसे भरायला सहा महिने द्या. आणि दादा सहीला येणार नसतील तर कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद) आजच सुरू करा. ते तिकडून प्रमाणित होऊन यायचं, इथे पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा, आणि त्यात गाळ्याचं पूर्ण वर्णन हवं.