हरीख : तुम्ही शेवटचं कधी हरखलात?

परवा पोरीनं विचारलं, हरखणे म्हणजे काय. मी पटकन म्हटलं एक्साइट होणे, आणि मग दिवसभर ते मनाला खात राहिलं. आज्जी म्हणायची, 'लेकीला बघून लई हारीक झाला.' विषाचं विख तसा हर्षाचा हरीख, पण हर्ष भाषणात शोभतो, हरीख अंगात येतो. एक्साइटमेंट उद्याच्या सहलीची पण असते, हरीख मात्र समोर आलेल्याचा. कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा.

*

शाहू स्टेडियम, पेठेची फुटबॉल मॅच. वडील सत्तरीचे, गुडघे गेलेले, पायऱ्या मीच धरून चढवल्या. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या तालमीच्या टीमचा गोल झाला आणि हे काठी माझ्या हातात कोंबून उभे, शेजारच्या अनोळखी पोराच्या गळ्यात पडले! चप्पल खालच्या पायरीवर गेली ती तशीच. मॅच संपल्यावर काठी परत मागितली.

*

माझं माहेर राधानगरीकडचं. 1 ऑगस्ट 2024, दुपारी मी कणीक मळत होतो, आईचा फोन, नुसता आरडाओरडा, मला वाटलं काय झालं बाई. तर कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ जिंकलं होतं, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन. आईला थ्री पोझिशन म्हणजे काय ते आजही माहीत नाही. पण 'आपल्याकडचं प्वार हाय' म्हणत गल्लीभर साखर वाटली, चहाला उरली नाही. माझ्या लग्नात पण ती एवढी हरखली नव्हती.

*

एक सांगतो, हरखणे आणि हुरळणे यात गल्लत नको. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तिथं अक्कल सुटलेली असते. हरखलेल्याची सुटत नाही, त्याला फक्त एका जागी बसवत नाही. आणि नाद खुळा हे दुसऱ्याला द्यायची दाद, ते वेगळंच. हरखून टुम झाली म्हणतात ते मात्र अगदी बरोबर, भरलेली घागर डोळ्यासमोर येते.

*

आमचं घर चिखलीत. 2019 च्या पुरात अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो, म्हसरं पाहुण्यांकडं पाठवली. पाणी ओसरल्यावर परत आलो तर घरात गुडघाभर चिखल, भिंतीला ओल, धान्य कुजून वास सुटलेला, आज्जा दोन दिवस कुणाशी बोलला नाही, नुसता उंबऱ्यावर बसून. तिसऱ्या दिवशी टेम्पोतनं म्हशी आल्या. थोरली खाली उतरली, रेकली आणि सरळ जाऊन आज्ज्याचा खांदा चाटायला लागली, सदरा ओलाचिंब. आज्जा उठला, तिच्या शिंगाला हात लावला आणि आत आईला हाक मारली, 'अगं, चरवी कुठं हाय बघ की.' चरवी पुरात गेलेली. मग शेजारनं डबा आणला आणि धार काढली.