जॅग्वारला ‘शमशेर’ कोण म्हणते?

ओझरकर : जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणाऱ्या विमानांना वरून दिलेली नावे कागदावरच राहतात, असे माझे मत आहे. १९७९ साली आपल्या हवाई दलात आलेल्या जॅग्वारचे ‘शमशेर’ झाले, मिग-२७ चे ‘बहादूर’ झाले. परंतु नाशिकजवळच्या ज्या ओझरच्या कारखान्यात हे मिग बांधले गेले, तिथे विमान डोक्यावरून गेले की ‘मिग चालले’ एवढेच आम्ही म्हणत असू. अमेरिकेच्या ए-१० चे अधिकृत नाव ‘थंडरबोल्ट-२’ आहे, पण वैमानिकांनी त्याला ‘वॉर्टहॉग’, म्हणजे आफ्रिकेतले सुळेवाले रानडुक्कर, ठरवले. त्याच्या नाकाखालून डोकावणारी सात नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ एकदा पाहिली, की हे नाव का चिकटले ते निराळे सांगावे लागत नाही.

वातचक्र : असहमत. जर्मन विमान-रचनाकार कुर्ट टँक यांच्या आराखड्यावर बंगळूरला तयार झालेले आणि १९६१ साली प्रथम उडालेले एचएफ-२४ ‘मरुत’ हेही वरूनच दिलेल्या वैदिक नावाचे विमान होते, आणि १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर ते लढले तेही मरुत म्हणूनच. तेव्हा दोष नाव देणाऱ्याचा नसून उशिरा नाव बदलण्याचा आहे.

ओझरकर : हे तर माझ्याच पथ्यावर पडले! बारशाचे नाव टिकते, दत्तक गेल्यावर बदललेले नाव मात्र घरच्यांच्याही तोंडी बसत नाही.

तळटीप : वॉर्टहॉगची कथा इतकी उत्स्फूर्त नाही. रिपब्लिक कंपनीच्या एफ-८४ ला वैमानिक आधीपासूनच ‘हॉग’ म्हणत. ए-१० त्याच घराण्यातले असल्याने डुकराचे नाव वारशाने आले. थंडरबोल्टही त्याच कंपनीच्या पी-४७ वरून घेतलेले, म्हणजे दोन्ही नावे वडिलोपार्जितच. समितीने दिलेल्या नावांनाही काम असते. रशियाच्या सुखोई-२५ ला नाटोने ‘फ्रॉगफूट’ म्हटले ते केवळ लढाऊ विमानांच्या नावांना ‘एफ’ हे आद्याक्षर लावण्याच्या नियमामुळे. ऐकणाऱ्याला विमानाचा प्रकार कळला की त्या नावाचे काम झाले. ते उडवणारे रशियन मात्र त्याला ‘ग्राच’ म्हणतात. हा कावळ्याच्या कुळातला एक काळा पक्षी आहे.

पेठेतला : मराठी माणसाने तरी या नावांना परके म्हणू नये. बाजीराव-मस्तानीच्या मुलाचे नाव शमशेर बहादूर होते आणि बडोद्याच्या गायकवाडांचा किताब ‘सेनाखासखेल शमशेर बहादूर’ होता; जॅग्वार आणि मिग-२७ शेजारी उभे केले की तोच किताब पूर्ण होतो. मूळ शब्द फारसीतून आले म्हणून काय झाले?

ओझरकर : किताबाचा मुद्दा बिनतोड आहे. २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला मिग-२७ चा निरोप समारंभ झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी आवर्जून ‘बहादूर’ लिहिले, एवढे मी मान्य करतो. ओझरला मात्र त्या दिवशीही आम्ही ‘आपले मिग गेले’ असेच म्हणालो.